पांढऱ्या कोटातली उमेदवारी

उमेदवारी म्हटलं की हल्ली आपल्याला फक्त इलेक्शन आठवतं. तिकीट, फॉर्म, डिपॉझिट जप्त वगैरे. पण आजोबांच्या पिढीत ‘मुलगा उमेदवारी करतोय’ याचा अर्थ साधा होता. तो कुणाच्या तरी हाताखाली राहून काम शिकतोय! या आठवड्यात बोलायचंय ते त्या उमेदवारीबद्दल. तीही लॅबमधल्या.

दरवर्षी बीएस्सीचे रिझल्ट लागले की माझा फोन बिझी होतो. मावसभाऊ, चुलतबहीण, सोसायटीतल्या काकूंचा मुलगा... प्रश्न एकच. ‘ताई, केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झालं. आता एमएस्सी करू, बँकेच्या परीक्षा देऊ, की मिळेल तो जॉब पकडू?’ मी म्हणते, चौथा ऑप्शन बघितलास का? अप्रेंटिसशिप. यावर हमखास शांतता. मग हळूच, ‘पण स्टायपेंड किती?’

रास्त प्रश्न आहे. तेव्हा आधी आकडे. शिकाऊ उमेदवारांसाठी आपल्याकडे १९६१ चा कायदा आहे. २०१९ मध्ये नियम बदलले, तेव्हा किमान स्टायपेंड शिक्षणाप्रमाणे महिना पाच ते नऊ हजार ठरला. पदवीधरांसाठी नऊ. कंपनी यापेक्षा जास्त देऊ शकते, कमी नाही. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीने शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक झालं, तेही तेव्हाच. केमिकल कंपन्यांच्या लॅबसाठी ‘लॅबोरेटरी असिस्टंट, केमिकल प्लांट’ नावाचा ट्रेड आहे. पॅथॉलॉजीसाठी मेडिकल लॅबोरेटरी टेक्निशियनचा वेगळा. चेंबूरच्या आरसीएफसारख्या सरकारी कंपन्याही अशा जागांच्या जाहिराती काढत आल्या आहेत. शेवटी ऑल इंडिया ट्रेड टेस्ट द्यायची. पास झालात की नॅशनल अप्रेंटिसशिप सर्टिफिकेट हातात.

आता नऊ हजारात मुंबईत काय होतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. माझ्या वेळी तर स्टायपेंड याहूनही कमी होता. डोंबिवलीहून ठाणे, ठाण्याला उतरून रबाळेची लोकल, पुढे कंपनीची बस. कॉल सेंटरला लागलेल्या मैत्रिणी वीकेंडला मॉलमध्ये, आणि मी महिनाअखेरीस आईकडे पाससाठी पैसे मागणार. बाबा काही बोलायचे नाहीत, पण पेपरातल्या बँकेच्या जाहिरातींना लाल पेनाने गोल करून ठेवायचे!

आणि शिकवलं काय? पहिला महिना काचेची भांडी धुणं. डिग्री घेऊन भांडी? हो. कारण ब्युरेटच्या आत थेंब चिकटून राहिला तर ती नीट धुतलेली नाही, आणि मग पुढचं रीडिंग भरवशाचं नाही. मग वजनकाटा. ग्रॅमच्या पुढे चार आकडे दाखवणारा. त्याची काचेची दारं बंद केल्याशिवाय आकडा स्थिर होत नाही, पंख्याच्या वाऱ्यानेसुद्धा हलतो. पातळ करताना ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. पीएच मीटर वापरण्याआधी बफरने तपासायचा. फिनॉल्फ्थॅलिनचा रंग फिका गुलाबी झाला की थांबायचं. गडद झाला म्हणजे तुम्ही पुढे गेलात. हे सगळं पुस्तकात असतंच. पण हाताला कळायला काही महिने जातात.

सगळ्यात कडक नियम वहीचा. रीडिंग दिसलं की तिथल्या तिथे पेनाने लिहायचं. चिटोऱ्यावर नाही, तळहातावर तर नाहीच. खोडायचं असेल तर एकच रेघ, बाजूला सही आणि तारीख. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. व्हाइटनरला लॅबमध्ये प्रवेश नाही. कॉलेजच्या प्रॅक्टिकलला उत्तर आधी आणि रीडिंग नंतर, हा फंडा सगळ्यांना माहीत असतो. इथे तो पहिल्याच दिवशी गेटबाहेर ठेवावा लागतो.

हे एवढं कडक का, ते एका संध्याकाळी कळलं. पावणेसहाला बस सुटायची. साडेपाचला प्लांटमधून सॉल्व्हंटचं सॅम्पल आलं, त्यातलं पाणी मोजायचं होतं. त्याला कार्ल फिशर टायट्रेशन म्हणतात. लिमिट ०.५० टक्के, माझं रीडिंग ०.५८. पाच मिनिटांत फोन. ‘अगं, टँकर गेटवर उभा आहे. पॉइंट फाइव्ह लिहून टाक ना, एवढ्याने काय होतंय?’ समोरचे साहेब वीस वर्षांचे अनुभवी, मी चार महिन्यांची शिकाऊ. मी सीनियर केमिस्टकडे बघितलं. ते उठले. आधी पाण्याचं नेमकं प्रमाण माहीत असलेलं स्टँडर्ड लावून मशीन तपासलं. मग सीलबंद बाटलीतून नवं सॅम्पल घेऊन माझ्याकडूनच पुन्हा टेस्ट करून घेतली. ०.५७. त्यांनी फोन उचलून सांगितलं, ‘फेल आहे. टँकर थांबवा.’ मग मला म्हणाले, ‘आकडा तुझा नाही, सॅम्पलचा आहे. तो बदलायचा हक्क तुलाही नाही आणि मलाही नाही.’ बस गेली. घरी पोचायला साडेनऊ वाजले. पण हा धडा मला कुठल्या क्लासमध्ये, कितीही फी भरून मिळाला नसता.

आता कडू गोष्ट. आम्ही सहा जण होतो, कंपनीने दोघांना ठेवून घेतलं. त्यात मी नव्हते. कायद्याने शिकाऊ उमेदवार हा कामगार धरला जात नाही, आणि त्याला नोकरी देण्याची सक्ती कंपनीवर नसते. दोन महिने घरी बसले. बाबांचं लाल पेन पुन्हा निघालं. तिसऱ्या इंटरव्ह्यूला समोरच्या मॅडमनी मार्कशीट बाजूला सारली, एक ब्युरेट पुढे केली आणि म्हणाल्या, ‘करून दाखव.’ तिथे हात थरथरला नाही. त्याच लाइनमध्ये मी अजून आहे.

म्हणून फोन करणाऱ्यांना चार प्रश्न विचारायला सांगते. करार सरकारी पोर्टलवर नोंदवणार का? सध्याचा स्टायपेंड किती आणि बँकेत कधी जमा होतो? लॅबच्या कोणकोणत्या विभागांत फिरवणार, की वर्षभर लेबलंच चिकटवायची? आणि मागच्या बॅचमधल्या किती जणांना ठेवून घेतलं? शिकाऊ उमेदवारांच्या भरतीबाबत कंपनीचं स्वतःचं धोरण असावं, अशी दुरुस्ती २०१४ मध्ये कायद्यात झाली आहे, तेव्हा हे विचारण्यात उद्धटपणा काहीच नाही. उत्तरं गोलमोल आली तर पुढची कंपनी बघा.

आणि तुम्ही, जे आता एसीत बसून पॅकेज कमावताय! घरातलं धाकटं कुणी अप्रेंटिसशिप घेतोय म्हणालं, तर ‘एवढाच स्टायपेंड?’ म्हणून तोंड वाकडं करू नका. जमलं तर त्याचा लोकलचा पास काढून द्या. वर्षभराचाच तर प्रश्न आहे.