घोड्याला दंड, हत्तीला माफी

चार दारांची, पाच माणसांना बसवणारी, सकाळी मुलांना शाळेत सोडणारी, दुपारी बाजारहाट करून आणणारी आणि तरीही शर्यतीच्या मैदानावर उतरवली तर भल्याभल्या मोटारींना धूळ चारणारी अशी एखादी मोटार असावी, ही हौस जर्मनांनी प्रथम जगाला लावली. अमेरिकेच्या कॅडिलॅकने २००४ सालच्या मॉडेलपासून तीत उडी घेतली आणि पुढील दोन दशके ती चांगली निभावली. अशी मोटार मुळात घ्यावी काय, घेतली तर रोज चालवावी की ठेवणीतल्या दागिन्याप्रमाणे झाकून ठेवावी, असा प्रश्न तिकडे नित्य चर्चिला जातो. वरकरणी हा श्रीमंतांच्या करमणुकीचा विषय आहे. परंतु त्या मोटारीच्या बिलावरील एक ओळ नीट वाचली असता त्यात कर, कायदा आणि पादचाऱ्याचा जीव हे तिन्ही विषय गुंतलेले दिसतात, म्हणून आज त्याकडे वळावेसे आम्हांस वाटले.

गोमंतकीयांना परदेशी मोटारीचे अप्रूप तसे जुनेच. मुक्तीपूर्व काळात येथील आयातीवर भारतातल्यासारखी कडक बंधने नव्हती, आणि खनिजाच्या पैशावर आलेल्या परदेशी मोटारी पाहून घाटावरचा पाहुणा डोळे विस्फारीत असे. आज दिशा उलटी आहे. मोटार इकडे येत नाही, आपलीच मुले नि भाचे-पुतणे तिकडे जातात आणि पहिला बरा पगार हाती पडताच कोणती गाडी घ्यावी म्हणून वडीलधाऱ्यांना विचारतात. वडीलधारे बिचारे ‘मजबूत घे, उंच घे’ एवढेच सांगतात. या सल्ल्याकडे आपण पुढे पुन्हा येऊ.

कॅडिलॅक हे नाव १७०१ साली डेट्रॉइटची वसाहत स्थापणाऱ्या फ्रेंच अधिकाऱ्याचे. कंपनी १९०२ ची. १९०८ साली इंग्लंडात तिच्या तीन मोटारी पूर्ण सुट्या करून, त्यांचे भाग एकमेकांत मिसळून पुन्हा जुळविण्यात आल्या आणि त्या निमूटपणे धावल्या. सुटे भाग अदलाबदल करता येण्याइतके अचूक बनू शकतात, हे त्या प्रयोगाने सिद्ध केले. १९१२ साली हँडल फिरविण्याच्या त्रासातून चालकाची सुटका करणारा विजेचा स्टार्टर याच कंपनीने बाजारात आणला. पुढे मात्र कारागिरीपेक्षा थाटमाट वरचढ ठरला, आणि १९५९ च्या मॉडेलची आकाशात घुसणारी शेपटीची पाती ही त्या थाटाची परिसीमा होती. सीटीएस-व्ही ही या थाटमाटाच्या घराण्यात पुन्हा जन्मलेली कारागिरी होय. पहिल्या गाडीत कॉर्व्हेट या शर्यती वळणाच्या मोटारीचे ४०० अश्वशक्तीचे इंजिन आणि हाताने बदलायचे सहा गिअर होते. दुसरा पर्यायच नव्हता. २००९ च्या मॉडेलमध्ये सुपरचार्जरच्या जोरावर ही शक्ती ५५६ वर गेली, आणि त्या गाडीने जर्मनीतील न्यूर्बुर्गरिंगचा वीस किलोमीटरांहून लांब, वळणावळणांचा फेरा २००८ च्या मे महिन्यातच आठ मिनिटांच्या आत पुरा केला होता. २०२२ च्या मॉडेलच्या सीटी५-व्ही ब्लॅकविंगमध्ये ६६८ अश्वशक्ती आहे. विशेष म्हणजे, गिअर हाताने बदलण्याची सोय तीतही ठेवलेली आहे.

एवढे सामर्थ्य असलेला प्राणी रोजच्या जोखडाला जुंपता येईल काय? येतो, आणि आश्चर्य वाटावे इतक्या शहाणपणाने वागतो. याचे श्रेय मोठ्या अंशी तिच्या शॉकअॅब्सॉर्बरांना द्यावे लागेल. त्यांतील तेलात लोहाचे सूक्ष्म कण असतात. चुंबकीय क्षेत्र निर्माण होताच ते कण रांगेत उभे राहतात, तेल दाट होते आणि गाडी ताठ बसते; क्षेत्र ओसरताच तेल पुन्हा सैल होते. हा सारा खेळ क्षणाच्या लहानशा अंशात चालतो. त्यामुळे मिशिगनच्या हिवाळ्याने उखडलेल्या रस्त्यावरही कण्याला हादरे बसत नाहीत आणि वळणावर गाडी कलंडत नाही. २००२ च्या मॉडेलच्या एका कॅडिलॅकमध्येच ही योजना प्रथम आली, पुढे ती फेरारीनेही उचलली. इंजिनाविषयीही असेच म्हणता येईल. ते जुन्या धाटणीचे, एकाच कॅमशाफ्टचे, आठ सिलिंडरांचे. त्याचे भाऊबंद अमेरिकेत गावोगावच्या मालवाहू पिकअप गाड्यांत धडधडत असतात. त्यामुळे त्याच्या अंगाखांद्याची ओळख असलेला मेकॅनिक आडगावातही भेटतो. जर्मन प्रतिस्पर्ध्याच्या मालकाला हे सुख तितक्या सहज लाभत नाही.

पण हौसेला मोल असते, आणि ते रोज मोजावे लागते. गाडीसोबत येणारे रुंद उन्हाळी टायर पारा सात अंशांच्या खाली गेला की कडक होऊन पकड सोडू लागतात. सबब बर्फाळ प्रदेशातल्या मालकाला हिवाळ्यासाठी टायरांचा दुसरा संच विकत घेऊन तो कोठेतरी साठवावाही लागतो. मागच्या चाकांचे टायर तर पायाच्या अंगठ्याच्या मोहाप्रमाणे झिजतात. मोह आवरणाऱ्याचे पुष्कळ टिकतात. चुंबकीय शॉकअॅब्सॉर्बर निकामी झाले की साध्यापेक्षा कितीतरी महाग पडतात. पेट्रोल उंची दर्जाचेच लागते. अमेरिकन सरकारच्या मोजणीनुसार ब्लॅकविंग शहर आणि महामार्ग मिळून गॅलनला १५ मैल, म्हणजे लिटरला सहा-साडेसहा किलोमीटर जाते. तेच सरकार सरासरी मोटार वर्षाला १५,००० मैल धावते असे धरून खर्चाचा अंदाज छापते. म्हणजे हिशेब सरळ आहे: वर्षाला हजार गॅलन, सुमारे ३,७८५ लिटर. ज्याला हा आकडा वाचून छातीत धडधडते त्याने या वाटेला जाऊ नये. जुनी गाडी घेणाऱ्यासाठी मात्र एक दिलासा आहे. अमेरिकन ऐषारामी मोटारींची किंमत पहिल्या काही वर्षांत वेगाने कोसळते, आणि पहिल्या मालकाचा तोटा हा दुसऱ्याचा लाभ होतो. पेट्रोल तेवढे दोघांनाही सारखेच लागते.

आमचे मत विचाराल तर, अशी मोटार घेतलीच तर ती रोज चालवावी. आपल्या घरांतून चांदीची भांडी पेटीत आणि स्टीलची ताटे जेवणात, ही रीत पिढ्यान्पिढ्या चालत आली, आणि पाहुण्यासाठी राखलेल्या खोलीत पाहुणा कधी आलाच नाही. गॅरेजात आच्छादनाखाली झोपलेली ६६८ अश्वशक्ती म्हणजे निव्वळ भांडवलाची पूजा होय. शिवाय जी माणसे रोज एकच गाडी वापरतात त्यांना एका कामाला एक, दुसऱ्याला दुसरी अशा तीन गाड्या दारात उभ्या कराव्या लागत नाहीत. शर्यतीच्या मैदानाची हौस आणि घरगुती सेवा एकाच यंत्राकडून घेणारा मालक हा, उधळ्या म्हणून ज्याची चेष्टा होते त्या वर्गातला, त्यातल्या त्यात काटकसरी माणूस आहे.

आणि नेमक्या याच माणसाला अमेरिकेचा कायदा दंड करतो. १९७३ च्या तेलबंदीने पोळलेल्या अमेरिकेने १९७८ साली पेट्रोलखाऊ मोटारींवर कर बसविला. त्यासाठी केलेल्या सरकारी चाचणीत गॅलनला साडेबावीस मैलांहून कमी जाणाऱ्या नव्या मोटारीवर तो द्यावा लागतो, आणि १९९१ पासून त्याचे दर हजार डॉलरांपासून ७,७०० डॉलरांपर्यंत आहेत. ब्लॅकविंग घेणाऱ्याच्या बिलात त्यापोटी दोन हजारांवर डॉलर चढतात. कर योग्यच आहे. जो अधिक जाळतो त्याने अधिक द्यावे, यात अन्याय तो कसला? अन्याय पुढेच आहे. त्याच कंपनीने २०२३ च्या मॉडेलमध्ये एस्कलेड-व्ही नावाची एसयूव्ही विक्रीस आणली. इंजिन त्याच जातीचे, शक्ती ६८२. ब्लॅकविंगचे वजन सुमारे १,८७० किलो, हिचे सुमारे २,८०० किलो. ब्लॅकविंग गॅलनला १५ मैल जाते, ही १३. ब्लॅकविंगची मूळ किंमत पंच्याऐंशी हजार डॉलरांच्या घरात होती, हिची दीड लाखाच्या. आणि हिच्यावर पेट्रोलखाऊपणाचा कर किती? एक छदामही नाही! कारण कायद्याच्या लेखी ती मोटारच नव्हे, ‘ट्रक’ आहे.

१९७८ साली या सवलतीमागे काही तर्क होता. ट्रकवजा गाड्या तेव्हा शेतकरी, सुतार, नळजोडणीवाले यांच्या पोटापाण्याचे साधन होत्या, आणि त्यांच्यावर कर बसविणे म्हणजे नांगरावर कर बसविणे झाले असते. पण कायद्यातील पळवाट ही कुंपणाला पडलेल्या भगदाडासारखी असते. एक गुरू शिरले की कळप शिरतो. पुढील दशकांत कारखानदारांनी ट्रकच्या सांगाड्यावर कातड्याच्या बैठका चढविल्या, गालिचे अंथरले आणि तिला कुटुंबाची गाडी म्हणून विकले. इंधन-बचतीचे सरकारी मानदंडही ट्रकसाठी सैल राहिले. पुढे ते गाडीने व्यापलेल्या जागेशी जोडले गेले, तेव्हा गाडी मोठी करणाऱ्यालाच सूट मिळाली. २०२५ च्या जुलैत तर ते मानदंड मोडणाऱ्या कारखानदाराचा दंडच शून्यावर आणण्यात आला. ग्राहकाच्या माथी मारलेल्या १९७८ च्या कराला मात्र कोणी हात लावला नाही. कारखानदार सुटला, एसयूव्हीवाला तर कधी अडकलाच नव्हता. उरला तो चार दारांच्या मोटारीचा मालक.

परिणाम सर्वांना दिसतो आहे. फोर्डने २०१८ साली उत्तर अमेरिकेत चार दारांच्या मोटारी विकणे बंद करण्याचे जाहीर केले. क्रायस्लर ३०० ही २०२३ मध्ये थांबली, शेव्हरोलेची मालिबू २०२४ मध्ये. आज तेथे विकल्या जाणाऱ्या दर चार नव्या गाड्यांपैकी तीनहून अधिक विक्रीच्या आकडेवारीत ‘ट्रक’ वर्गात मोडतात. लोकांनाच उंच गाड्या आवडतात, असे यावर सांगण्यात येते. आवडत असतीलही, पण ज्या दुकानात एका मालावर जकात आणि दुसऱ्यावर माफी आहे, तेथे गिऱ्हाइकाची आवड शुद्ध राहिली असे कोणी म्हणू नये. शिवाय उंचीची किंमत गाडीबाहेरचा माणूस देतो. अमेरिकेत २००९ साली सुमारे ४,१०० पादचारी वाहनांखाली मेले. २०२२ साली हा आकडा साडेसात हजारांवर गेला. याला कारणे अनेक आहेत, हे आम्ही मान्य करतो. पण तेथील महामार्ग-सुरक्षेच्या विमा संस्थेने २०२३ साली असे दाखविले की, ज्यांचे नाक चाळीस इंचांहून उंच आहे अशा गाडीची धडक, बुटक्या व उतरत्या नाकाच्या मोटारीच्या धडकेपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक प्राणघातक ठरते. ‘उंच घे’ असा सल्ला भाच्याला देणाऱ्या मामांनी हा आकडा टिपून ठेवावा.

आपण मात्र अमेरिकेला हसण्याचे कारण नाही. आपल्या सरकारने २००६ साली चार मीटरांच्या आतील लहान इंजिनाच्या मोटारींना करात सवलत दिली, आणि कारखानदारांनी लगेच फूटपट्टी हाती घेतली. मूळची ४.१६ मीटर लांबीची डिझायर २०१२ साली ३.९९५ मीटरांवर आली. डिकीची शेपटी छाटली गेली आणि सामानाची जागा कुटुंबाने गमावली. २०२५ च्या सप्टेंबरपासून या रेषेअलीकडे वस्तू व सेवा कर १८ टक्के आणि पलीकडे ४०. आजही आपला कायदा गाडीचे वजन विचारीत नाही, तिचे नाक किती उंच हेही विचारीत नाही. लांबी आणि इंजिनाचे आकारमान पाहून तो आपले समाधान करून घेतो. म्हापशाच्या बाजारातल्या अरुंद रस्त्यावर चार मीटरांच्या आतली पण उंच छातीची गाडी शाळकरी पोराच्या डोक्याच्या वर तोंड करून येते, तेव्हा तिला सवलत कशाबद्दल मिळाली हे त्या पोराला कोण समजावणार?

तराजू कोठला वापरावा हे फ्रान्सने दाखविले आहे. तेथे २०२२ पासून १,८०० किलोंवरील दर किलोमागे दहा युरो असा वजनाचा कर नव्या खासगी मोटारींवर सुरू झाला, आणि २०२४ साली ही मर्यादा १,६०० किलोंवर उतरविण्यात आली. मूळच्या दरानेच केवळ वजनाचा हिशेब केला तरी ब्लॅकविंगच्या मालकाला सातशे युरो भरावे लागतील, आणि एस्कलेड-व्हीच्या मालकाला दहा हजार.