उद्यानांचा हंगाम आणि शेतीचे वेळापत्रक

राष्ट्रीय उद्याने व व्याघ्र प्रकल्प यांच्या सीमेवरील गावांत अनेक शेतकरी कुटुंबांना पर्यटनातून हंगामी रोजगार मिळतो. कोणी गाईड असतो, कोणी जिप्सी चालवतो, तर कोणी तंबू-निवासात स्वयंपाक किंवा साफसफाई करतो. कृषी विस्ताराच्या दृष्टीने हे काम बहुधा ‘बिगरशेती उत्पन्न’ एवढ्यावरच संपते. वस्तुतः पेरणी व कापणीच्या वेळी घरात किती हात उरतील, हे याच कामावरून ठरते. म्हणून पीक नियोजनात त्याला स्थान मिळणे आवश्यक आहे.

ताडोबा-अंधारी आणि कान्हा येथील गाभा क्षेत्र 1 जुलै ते 30 सप्टेंबर पर्यटकांसाठी बंद असते. हाच भाताच्या रोवणीचा व निंदणीचा काळ. उन्हाळ्यात पाणवठ्यांवर वाघ दिसण्याची शक्यता वाढते, पर्यटकही वाढतात. त्या वेळी कोरडवाहू शेत रिकामे असते. इथवर दोन्ही हंगाम परस्परपूरक आहेत. खरी ओढाताण ऑक्टोबरपासून सुरू होते. सोयाबीनची मळणी, हलक्या धानाची कापणी, कापसाची वेचणी आणि हरभऱ्याची पेरणी ही कामे दसरा-दिवाळीच्या पर्यटक गर्दीबरोबरच येतात. रोख मजुरी देणारे काम साहजिकच आधी निवडले जाते. हरभऱ्याची पेरणी लांबते, जमिनीतील ओल उडून जाते आणि उरलेला भार घरातील स्त्रियांवर पडतो.

हे चित्र सर्वत्र सारखे नाही. उत्तराखंडातील कॉर्बेट उद्यानाचा ढिकाला विभाग 15 नोव्हेंबरला उघडतो, तेव्हा तराई-भाबर पट्ट्यात गव्हाची पेरणी चालू असते. चमोली जिल्ह्यातील फुलांची दरी मात्र 1 जून ते 31 ऑक्टोबर या काळात खुली असते. तेथे राजमा, चौलाई, बटाटा यांचा संपूर्ण हंगाम आणि पर्यटनाचा हंगाम एकमेकांवर येतात. एकच शिफारस दोन्ही ठिकाणी लागू पडणार नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे.

विस्तार यंत्रणेचे काम पिकांपुरते असावे, रोजगाराचा विचार इतर विभागांनी करावा, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु मजूर उपलब्ध नसताना दिलेली शिफारस कितीही शास्त्रशुद्ध असली तरी शेतात उतरत नाही. अशा कुटुंबाला उद्यानातील काम सोडण्याचा सल्ला देणे जितके अव्यवहार्य, तितकेच त्याच्या शेतीला दुर्लक्षित ठरवून पुढे जाणे अयोग्य आहे.

उपाय अवघड नाहीत. उभ्या धानात लाखोळी किंवा जवस फोकून घेण्याची उतेरा पद्धत पूर्व विदर्भाला परिचित आहे; तिच्यामुळे नांगरणीचे श्रम व वेळ वाचतो. कापणी व मळणीची यंत्रे गटाने भाड्याने घेतल्यास ऑक्टोबरचा ताण हलका होतो. वाणाची निवड करताना कापणीची तारीख उद्यान उघडण्याच्या तारखेशी ताडून पाहावी. प्रशिक्षण वर्ग रोवणी आटोपल्यावर, उद्यान उघडण्यापूर्वी घ्यावेत. हंगामातील बैठका साप्ताहिक सुटीच्या दिवशी ठेवाव्यात; ताडोबात हा दिवस मंगळवार आहे. परिसरातील निवासस्थानांना भाजीपाला, दूध व अंडी पुरविण्याची व्यवस्था बचत गटांमार्फत उभी राहिल्यास पर्यटनाचा पैसा शेतीतही येईल.

हंगामी रोजगाराला शाश्वती नसते. मार्च 2020 मध्ये टाळेबंदीमुळे उद्यानांची दारे ऐन हंगामात बंद झाली. ज्यांनी शेत पडीक ठेवले नव्हते, त्यांच्या घरात निदान धान्य होते. म्हणून उद्यानाचे उत्पन्न वाढत असतानाच शेती टिकवणे हे या गावांतील विस्तार कार्याचे प्रमुख उद्दिष्ट असावे. त्यासाठी पहिले पाऊल साधे आहे: गावाच्या पीक दिनदर्शिकेत उद्यान उघडण्याच्या व बंद होण्याच्या तारखा नोंदवाव्यात.