पाठीवर कवटी, पण करणी नव्हे

तिळात खुरपायला जाणाऱ्या मायबहिणींनी ही अळी पाहिली असेल. बोटाएवढी जाड, अंगावर तिरपे पट्टे, शेपटाकडे वाकडे शिंग. पाला खाऊन ती मातीत शिरते, कोष करते. त्यातून निघतो तळहाताएवढा पतंग. त्याच्या पाठीवर माणसाच्या कवटीसारखा डाग असतो. धरला तर सोंडेतून हवा ओढून चिरकतो, उंदरासारखा! मधासाठी थेट मोहोळात घुसतो, एवढा धीट.

हिंगोलीकडे सोयाबीन वाढले, तिळाचे पेरे आटले. हा पतंग पुष्कळांनी कधी पाहिलेलाच नसतो. रात्री अवचित दिव्यावर आला की घरभर धसका. मग ‘करणी झाली’ म्हणत गल्लीतल्या एखाद्या एकट्या बाईकडे बोट दाखवायला काही जण टपलेलेच असतात. पतंगाचे काय, तो सकाळी उडून जाईल; त्या बाईला मात्र तिथेच राहायचे असते. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. कुणाला करणी करणारी ठरवून छळणे हा त्यात गुन्हा आहे.

पतंग चावत नाही, डंख मारत नाही. वहीच्या पुठ्ठ्यावर घेऊन बाहेर सोडा. त्याआधी मुलांना ती कवटी जवळून पाहू द्या.