कन्सोलची मुस्कटदाबी

जावास्क्रिप्टवाल्यांत एक सोवळं जोरात आहे: ग्राहकाकडे जाणाऱ्या बिल्डमध्ये कन्सोलची एकही ओळ दिसता कामा नये. रिव्ह्यूत ‘कन्सोल.लॉग’ सापडला की विटाळ झाल्यासारखे चेहरे होतात. मग ईएसलिंटचा ‘नो-कन्सोल’ नियम लावायचा, टर्सरचा ‘ड्रॉप-कन्सोल’ चालू करायचा, की गंगेत घोडं न्हालं.

या मंडळींचं म्हणणं असं, की कन्सोल हे कच्च्या कामाचं लक्षण, त्याने पान मंदावतं आणि आतली माहिती परक्यांना दिसते. पहिल्या मुद्द्यावर शाई खर्च करायला नको. खुद्द ईएसलिंटने 2019 साली सहाव्या आवृत्तीत हा नियम शिफारशींच्या यादीतून काढून टाकला. दुसरा मुद्दा लूपमध्ये बसून हजारो ओळी ओकणाऱ्यांपुरता खरा.

तिसरा मात्र वजनदार आहे. मे 2018 मध्ये ट्विटरने आपल्या 33 कोटींवर वापरकर्त्यांना पासवर्ड बदलायची विनंती केली, कारण हॅश होण्याआधीच ते अंतर्गत लॉगमध्ये उघडेवाघडे लिहिले जात होते. पण ब्राउझरचा कन्सोल कितीही घासून पुसला असता तरी त्यातला एक पासवर्ड वाचला नसता. गुपितं झाकायची जागा लॉगरच्या आत आहे. पिनोसारख्या लायब्ररीला ‘रिडॅक्ट’मध्ये पासवर्ड, टोकन असे रकाने एकदा सांगितले, की त्यांतलं मूल्य छापण्याआधीच झाकलं जातं.

उलट, सरसकट कात्रीने काय होतं ते पाहा. ‘ड्रॉप-कन्सोल’ लॉगसोबत वॉर्न आणि एररही उडवतो. भुंकण्याचा त्रास होतो म्हणून राखणीच्या कुत्र्याचं तोंड बांधण्यातलाच हा प्रकार. शिवाय कंसातले आर्ग्युमेंटही त्याच्याबरोबर जातात. कुणी तिथेच एखादा काउंटर वाढवत असेल, तर डेव्हलपरच्या मशीनवर एक प्रोग्रॅम चालतो आणि ग्राहकाकडे दुसराच. आणि तो दुसरा बिघडला, की कारण सांगायला ओळही उरलेली नसते!

लॉग किती बोलेल हे बिल्डच्या वेळी ठरूच नये. सिस्लॉगच्या जगात तीव्रतेच्या आठ पायऱ्या कधीच्या रुळल्या आहेत. आपल्याला डीबग, इन्फो, वॉर्न, एरर एवढ्या पुरेत. सर्व्हरवर पातळी एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमधून वाचावी. ब्राउझरमध्ये ‘लॉगलेव्हल’ ही लायब्ररी ती लोकल स्टोरेजमध्ये ठेवते, म्हणजे तक्रार करणाऱ्या एकाच ग्राहकाच्या मशीनवर, नवा बिल्ड न काढता, डीबग चालू करता येतो. ‘सगळंच लिहा, नंतर बघू’ म्हणणाऱ्यांनाही हेच उत्तर. नंतर कुणी बघत नाही.

एरर रिपोर्टिंग मात्र या बटणाला बांधू नये. पातळी काहीही असो, ‘एरर’ आणि ‘अनहँडल्ड रिजेक्शन’ या दोन्ही इव्हेंटवर कान हवाच. नोडने 2020 मध्ये, पंधराव्या आवृत्तीपासून, न हाताळलेल्या रिजेक्शनवर प्रोसेसच पाडायला सुरुवात केली. ब्राउझर इतका कडक नाही, तो कन्सोलवर एक ओळ टाकून पुढे जातो. दुसऱ्या डोमेनवरच्या स्क्रिप्टला ‘क्रॉसओरिजिन’ आणि त्या सर्व्हरची परवानगी नसेल, तर हाती नुसतं ‘स्क्रिप्ट एरर’ येतं. आणि प्रत्येक आवृत्तीचे सोर्स मॅप जपले नाहीत, तर मिनिफाय केलेल्या फाइलमधला ओळ-कॉलमचा आकडा काय कामाचा?

एवढं ऐकूनही ज्यांचा हात कात्रीकडे जातोच, त्यांनी टर्सरच्या ‘प्युअर-फंक्स’मध्ये फक्त कन्सोलचे लॉग आणि डीबग लिहावेत. एरर, वॉर्न शाबूत राहतात, आणि काउंटरही वाढत राहतो.