पी हळद, हो गोरी!

हळदीचा रंग कोणता? हसू नका बॉस, प्रश्न सीरियस आहे. 'पिवळा' हे उत्तर बालवाडीत चालतं. ज्याला हळदीचं पाकीट डिझाइन करायचंय, त्याचं तेवढ्यावर भागत नाही. हळदकुंकवाच्या करंड्यातला पिवळा वेगळा, नवरदेवाच्या गालावर ओली झाल्यावरचा वेगळा, आणि नुकत्याच दळलेल्या सेलम हळदीचा, नारिंगीकडे झुकणारा, तो आणखी वेगळा.

गंमत पुढेच आहे. तुमच्या-माझ्या मॉनिटरमध्ये पिवळा रंग नसतोच! असतात ते लाल, हिरवे आणि निळे ठिपके. लाल आणि हिरवा शेजारी-शेजारी पेटले की आपला डोळा फसतो आणि म्हणतो, 'वा, काय पिवळाय!' (२०१० मध्ये शार्पनं 'क्वाट्रॉन' टीव्हीत चौथा, खास पिवळा ठिपका घालून पाहिला होता. ती फॅशन काही रुजली नाही.) थोडक्यात, जो रंग मला अगदी नेमका हवाय, तोच स्क्रीन उसनवारीवर आणते.

आता पुण्यात बसून पाकिटं डिझाइन करणाऱ्याला हळदीची एवढी काळजी का? कारण माझं आजोळ वसमत तालुक्यातलं. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला, तरी इकडे कोणाला सांगितलं तर 'म्हणजे औंढा नागनाथचं ना?' एवढंच ऐकू येतं. फार तर संत नामदेवांचं नर्सी. पण मसाल्याच्या बाजारात हिंगोली म्हणजे हळद, आणि वसमतच्या हळदीला तर आता भौगोलिक मानांकनही आहे. माझ्या मामांनी यंदा ठरवलं, सगळा माल बाजारात ठोक न घालता थोडी हळद दळून, पाकीटबंद करून थेट पुण्या-मुंबईला पाठवायची. फोटो आणि पाकीट, दोन्ही भाच्याच्या गळ्यात!

नेमका त्याच महिन्यात मी नवा मॉनिटर बघत होतो. किंमत ऐकून मामा फोनवर गप्पच झाले. मग म्हणाले, ''अरे, पाकीट करायलास का सिनेमा काढायलास? तेवढ्या पैशात विहिरीवर नवी मोटार बसती की!''

''मामा, रंग नीट दिसायला पाहिजे ना.''

''आता रंग मला शिकवायलास व्हय? इकडं ये, पोतं उघडून दाखवतो.''

मामांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. त्यांचा रंग पोत्यात आहे. माझं काम तो पोत्यापासून छापखान्यापर्यंत न बिघडवता नेण्याचं. आठ-नऊ महिने पीक सांभाळायचं, कंद काढायचे, शिजवायचे, दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवायचे, ड्रममध्ये घोळवून पॉलिश करायचे. आणि शेवटी कोणा डिझायनरच्या मळकट स्क्रीनमुळे सगळ्याचा रंग उडायचा? समजा, माझा मॉनिटर पिवळा रंग फिका दाखवतो. मी काय करणार? फोटोशॉपमध्ये रंग चढवणार. फोटो एकदम झळझळीत! मग गिऱ्हाईक पाकीट उघडतं, आतली अस्सल हळद बघतं आणि म्हणतं, 'शी, ही तर फिकी आहे.'

फोटोइतकी झळझळीत हळद मग कोणाची असते? बऱ्याचदा भेसळवाल्याची. मेटानिल यलो आणि लेड क्रोमेट ही हळदीतल्या भेसळीची दोन बदनाम नावं. दुसऱ्यात तर चक्क शिसं असतं. २०१९ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी बांगलादेशातल्या हळदीचा माग काढला, तेव्हा गोष्ट १९८०च्या दशकातल्या एका मोठ्या पुरापर्यंत गेली. पुरात भिजलेली हळद काळवंडली, लोकांना तर पिवळीधमक हवी होती, मग व्यापाऱ्यांनी लेड क्रोमेट चोळायला सुरुवात केली. म्हणजे लोकांच्या डोळ्याला भलत्याच पिवळ्याची चटक लावणं हा निरागस उद्योग नाही. म्हणून माझ्या लेखी हा मॉनिटर शौकाचा नाही, हत्यार आहे.

तर मंडळी, हत्यार निवडायचे माझे फंडे.

पहिला, रंगांचं अंगण किती मोठं? साध्या मॉनिटरचं अंगण म्हणजे एसआरजीबी, १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्टनं ठरवलेलं. छपाईचा गर्द पिवळा त्याच्या अगदी काठावर येतो. दुकानदार लगेच म्हणेल, 'सर, अॅडोबी आरजीबी ९९ टक्के घ्या!' घ्या, छपाईसाठी चांगलंच आहे. पण ते अंगण मुख्यतः हिरव्या आणि मोरपंखी बाजूला वाढवलेलं आहे. त्याचा लाल कोपरा एसआरजीबीचाच. पिवळ्या-नारिंगीकडे जास्त जागा देतं ते सिनेमावाल्यांचं पी-थ्री. शेतातल्या हिरव्या पानांना पहिलं, आतल्या कंदाला दुसरं! तेव्हा दोन्हींचे आकडे विचारा.

दुसरा, रंग खरा किती? इथे शब्द येतो डेल्टा ई, म्हणजे हवा तो रंग आणि दिसतो तो रंग यांच्यातलं अंतर. सरासरी दोनच्या आत असेल तर ठीक. मात्र सरासरी कमी आणि नेमका पिवळाच घसरलेला, असंही होऊ शकतं. खोक्यात रिपोर्ट असेल तर आपल्या कामाच्या रंगाची ओळ शोधा.

तिसरा, पॅनेल आयपीएस घ्या, म्हणजे मान थोडी हलली तरी रंग हलणार नाही. दहा बिट असेल तर उत्तम. आठ बिटमध्ये १ कोटी ६७ लाखांच्या आसपास छटा बनतात, दहा बिटमध्ये १०७ कोटी. हळदीच्या ढिगावरची सावली पायऱ्या-पायऱ्यांची दिसते की सलग, हे इथे ठरतं. दुकानात जाताना पेनड्राइव्हवर तीन फाइल न्या: तुमचा एक ओळखीचा फोटो, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची पट्टी, आणि एक नुसता राखाडी पडदा. राखाडी पडदा कोपऱ्यात गुलाबी किंवा हिरवट दिसला तर थँक यू म्हणून बाहेर पडा.

चौथा आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा, हार्डवेअर कॅलिब्रेशन. यात रंगाची दुरुस्ती कॉम्प्युटरच्या ग्राफिक्स कार्डात न होता मॉनिटरच्या स्वतःच्या आतल्या तक्त्यात होते, त्यामुळे छटा वाया जात नाहीत. जपानच्या आयझोच्या कलरएज सीजी मालिकेत मोजणारा सेन्सरही आतच बसवलेला असतो. मस्त चीज आहे, पण खिसा लाखाच्या पुढे रिकामा होतो. बेनक्यूच्या एसडब्ल्यू मालिकेत बऱ्याच कमी पैशात हार्डवेअर कॅलिब्रेशन मिळतं. स्पायडर किंवा कॅलिब्राइटसारखं मोजणी यंत्र मात्र वेगळं घ्यावं लागतं. माझा सरळ हिशेब: एकूण बजेटमधून आधी या यंत्राचे पैसे बाजूला काढा, उरलेल्यात मॉनिटर बघा. मी बेनक्यूकडे वळलो आणि वाचलेल्या पैशात यंत्र आणि चांगला दिवा आणला.

दिवा कशाला? कारण छापील पाकीट आणि पोत्यातली हळद स्वतः पेटत नाहीत, त्यांच्यावर उजेड पडावा लागतो. छपाईच्या जगात त्यासाठी ५००० केल्विनचा उजेड ठरलेला आहे. पिवळसर बल्बखाली प्रूफ तपासलं तर छापखानेवाल्याशी भांडण ठरलेलं! स्क्रीनचा ब्राइटनेसही ८० ते १२० निट्सवर आणा. बहुतेक मॉनिटर कारखान्यातून याच्या दुप्पट-तिप्पट पेटलेले येतात, म्हणून 'स्क्रीनवर तर छान होतं, छपाई काळी आली' ही ओरड ऐकू येते.

आता तुमचा गुगली: 'गिऱ्हाईक तर मोबाइलवरच बघणार, मग एवढा आटापिटा कशाला?' करेक्ट. प्रत्येक मोबाइल आपापल्या दिशेनं थोडा घसरलेला असतो. मूळ फोटो बरोबर असेल तर त्या घसरणी खऱ्या रंगाच्या आजूबाजूलाच राहतात. मूळच चुकीचं असेल तर तुमची चूक अधिक मोबाइलची चूक, अशी बेरीज होते. तेव्हा फोटो बरोबर करा, एसआरजीबी प्रोफाइल जोडून सेव्ह करा आणि मग देवावर सोडा.

आणि एक. महागडा मॉनिटर खोक्यातून काढला, वायर लावली की रंग जमले, असं समजणाऱ्यांसाठी आपल्या आज्यांनी म्हण करून ठेवलीच आहे: पी हळद, हो गोरी! मॉनिटर सुरू केल्यावर अर्धा तास तापू द्या. महिन्यातून एकदा यंत्र लावून मोजा. खिडकीचा उजेड स्क्रीनवर येऊ देऊ नका. आणि शेवटी सगळ्यात स्वस्त उपकरण: पांढऱ्या वाटीत, त्या दिव्याखाली, चमचाभर खरी हळद. तिच्याकडे बघा, स्क्रीनकडे बघा, मग माउसला हात लावा. काम झालं की हळद डब्यात घालून झाकण घट्ट लावा, कारण उजेडात तिचाही रंग उडतो. तिला कॅलिब्रेट करायचं यंत्र अजून कुठे मिळत नाही!