भीतीच्या कवितेला आशेचं शेपूट

शिक्षक मित्रहो आणि पालकहो, आधी ही कविता वाचा. माझ्या वर्गातल्या एका मुलीनं सहावीत असताना लिहिलेली आहे. तिचं नाव देत नाही. कविता तुम्हाला दाखवायला तिची आणि तिच्या आईची हरकत नाही, हे विचारून घेतलं आहे.

मायनं गाठोडं बांधलं
तवा, परात सगळं घेतलं
दप्तराला कुणी इचारलं नाही
ते खुंटीवरच राहिलं

ट्रॅक्टर येईल रात्री
उजेड पडंल भिंतीवर
मी झोपल्याचं सोंग घेईन
माय हात ठेवील डोक्यावर

कविता इथेच संपत होती. मी बीड जिल्ह्यातल्या एका गावात शिकवते. आमच्याकडे दिवाळीच्या आगेमागे निम्मं गाव रिकामं होतं. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ होतो आणि पाच-सहा महिन्यांसाठी बिऱ्हाड उसाच्या फडावर जातं. काही जण पश्चिम महाराष्ट्रात, काही थेट कर्नाटकात. मागे आजी-आजोबा असतील तर मुलं गावात राहतात, हंगामी वसतिगृहात जेवतात आणि शाळेत येतात. आजी-आजोबा नसतील किंवा थकले असतील, तर मुलंही जातात. मोठी मुलगी असेल तर जास्तच, कारण कोपीवर धाकट्याला कोण सांभाळणार? एवढी माहिती असली की कवितेतला ट्रॅक्टर कसला, ते वेगळं सांगावं लागत नाही.

आणि ही माहिती असलेल्या मी, त्या कवितेखाली लाल शाईनं काय लिहिलं? ‘छान! पण शेवट आशादायी कर.’

तिनं केला. आज्ञाधारक मुलगी आहे. ‘पण मी खूप शिकेन, मोठी होईन, देशाचे नाव उज्ज्वल करेन’ अशा दोन ओळी जोडून आणल्या. आम्ही ती कविता शाळेच्या हस्तलिखितात घेतली. पाहुण्यांनी नेमक्या त्याच दोन ओळी मोठ्यानं वाचल्या आणि टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. त्यानंतर सहावीच्या अख्ख्या वर्षात तिनं मला एकही कविता दाखवली नाही. मला वाटलं, अभ्यासात गुंतली असेल. (सोयीचं उत्तर आपल्याला किती पटकन सापडतं!)

आता थोडं आपल्या सगळ्यांविषयी. नमुना निबंधांची पुस्तकं काढून बघा. ‘शेतकऱ्याचे मनोगत’ असो, ‘पूरग्रस्ताचे मनोगत’ असो की ‘मी पाहिलेला दुष्काळ’, शेवटच्या परिच्छेदात ऊन पडतंच. मुलांना हे पाठ असतं. घर वाहून गेलं, बैल गेला, पण दहाव्या ओळीत ‘तरीही मी खचलो नाही’. हे न लिहिणाऱ्या मुलाचा आपण गुण कापतो, निदान शेरा तरी मारतो. पालकही म्हणतात, ‘मॅडम, पोरगी असलं रडकं का लिहिते? चांगलं लिहायला सांगा की.’ त्यांचा हेतू वाईट नसतो. लेकरानं घाबरू नये असंच कुणालाही वाटतं. पण वहीतली भीती खोडली म्हणून पोटातली जात नाही. मुलाला फक्त एवढंच कळतं, की ही गोष्ट मॅडमला सांगायची नसते.

कुणी म्हणेल, मग काय मुलांना निराश व्हायला शिकवायचं? नाही हो. आशा नको असं मी म्हणत नाही. आशा मुलाला स्वतःला सापडू द्या, एवढंच म्हणतेय.

1855 सालचा एक विद्यार्थी-निबंध आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे, निदान असायला हवा. पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे तेव्हा साधारण चौदा वर्षांची होती. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. त्यात ती काही झाकत नाही. इमारतींच्या पायात माणसं पुरली गेली, बाळंतिणींना डोक्यावर छप्पर नव्हतं, थंडीपावसात हाल झाले, वाचायला येणं हाच अपराध ठरत होता, हे सगळं ती नीट मांडते, देवालाही प्रश्न विचारते. आणि हे सांगून झाल्यावर आपल्या लोकांना शिकायला बोलावते. म्हणजे आशा तिच्याही निबंधात आहे. पण आधीचं पान खोडून ती तिथे आलेली नाही. माझ्यासारखी कुणी लाल शाई घेऊन बसली असती, तर त्या निबंधातलं काय उरलं असतं, हा विचार मला अधूनमधून छळतो.

असो. माझ्या विद्यार्थिनीकडे येते.

सातवीच्या सुरुवातीला मी वर्गात पुस्तकपेटी उघडी ठेवायला लागले. आधी कुलूप असायचं, पुस्तकं फाटतील म्हणून. 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनी पेटी बाहेर यायची, मुलं पुस्तक हातात धरून बसायची, आम्ही फोटो काढायचो, पेटी परत आत. यंदा म्हटलं, फाटू देत. प्रत्येकानं एक वही करायची, वाचलेल्याबद्दल मनात येईल ते लिहायचं. मी शुद्धलेखन तपासणार नाही, शेरा देणार नाही, फक्त वाचेन. कुणाला मी वाचायला नको असेल तर पान दुमडून ठेवायचं.

तिनं पहिली तीन पानं दुमडलेली दिली. चौथं उघडं होतं. ‘श्यामची आई’ वाचत होती. विहिरीत पोहायला जायची भीती वाटते म्हणून श्याम लपून बसतो, तो भाग तिच्या वाचनात आला होता. तिनं लिहिलं होतं, ‘श्याम भित्रा आहे तरी पुस्तकात आहे. मला वाटायचं पुस्तकात फक्त शूर मुलं घेतात.’

मी कितीतरी वर्षं ते पुस्तक मुलांना ‘संस्कारांसाठी वाचा’ म्हणून देत आले. या मुलीला त्यात सोबत सापडली. सोबत हा शब्दही तिचाच. पुढच्या एका पानावर होतं, ‘मला भीती वाटली की मी मोठ्यानं वाचते. आवाज माझाच असतो पण कुणीतरी बसल्यासारखं वाटतं.’ आणि मग एक दिवस, कुणी न सांगता, आशेवर तीन ओळी आल्या:

आशा म्हणजे एसटीची वाट बघणं
येईलच असं नाही
पण थांबा सोडून जायचं नाही

देशाचं नाव उज्ज्वल करणारी ओळ आणि ही ओळ, दोन्ही एकाच मुलीच्या. पहिली मी मागून घेतलेली होती.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. भीतीचं लिखाण आलं की ‘वा, काय कविता आहे’ म्हणून थांबायचं नाही. मुलाला बाजूला घेऊन विचारायचं, ही भीती कशाची? एखाद्या माणसाची भीती असेल, मारहाणीची असेल, घरातली असेल, तर तो कवितेचा विषय राहत नाही. मुख्याध्यापकांना सांगा, 1098 या चाइल्डलाइनला फोन करा, उद्यावर टाकू नका. पालकांनीही मुलाची वही सापडली तर आधी ‘हे काय लिहिलंस’ असं रागावू नये. रागावलं तर पुढची वही सापडणार नाही.

माझ्या मुलीची भीती साधी होती आणि खरी होती. यंदा तिच्या आजीला मोतीबिंदूमुळे नीट दिसत नाही. धाकट्या भावाला आणि हिला सांभाळणं आजीला झेपणार नाही, त्यामुळे दोघं आईबापाबरोबर फडावर जाणार. मी दोनदा घरी जाऊन आले. वडील वाईट माणूस नाहीत, उचल घेतलेली आहे, ते काय करणार? शिक्षण हमी कार्ड भरून दिलं आहे, कारखान्याजवळच्या शाळेत बसवा म्हणून हात जोडून सांगितलं आहे. ‘बसवतो’ म्हणाले. बसवतील की नाही, मला माहीत नाही.

वर्गातून जाताना तिनं वाचनाची वही आणि पेटीतली दोन पुस्तकं मागितली. एरवी पुस्तकं गावाबाहेर द्यायची नाहीत असा आमचा नियम. दिली. तिची एकच शंका होती, ‘मॅडम, कोपीत दहिवरानं वही भिजंल का?’

मी म्हणाले, प्लास्टिकची पिशवी देते उद्या. दुसऱ्या दिवशी आणली तर तिच्या वहीला आधीच आवरण होतं. बापानं खताच्या गोणीतलं आतलं प्लास्टिक कापून, सुतळीनं शिवून दिलं होतं.