ड्रायरची पाठ उघडताना

जळगावात कपडे वाळवायला यंत्र लागतं म्हटलं की पुण्या-मुंबईचे पाहुणे हसतात. त्यांचंही बरोबर आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा गच्चीवर शेवटची चादर टाकेपर्यंत पहिली वाळलेली असते. पण जळगावच्या आमच्या मेहरूण भागात वर्षभर मे महिना नसतो. श्रावण-भाद्रपदात झड लागते, फ्लॅटच्या गॅलरीत दोरीला जागा दोन हातांची आणि गणवेश मात्र सकाळी सातला कोरडा हवा. अशा दिवसांत सेमी ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनचा तो लहान डबा, म्हणजे आपला ड्रायर, नेमका रुसतो.

आमच्याकडे अजूनही सेमीच चालते, याला कारण आहे. वाघूर धरणाचं पाणी नळाला ठरावीक वेळी येतं. साठवलेलं पाणी बादलीने ओतून चालणारी मशीन आपल्याला सोयीची पडते. शिवाय ती उघडता येते. मागच्या बाजूचे स्क्रू काढले की प्लास्टिकचा पत्रा हातात येतो आणि आतला सगळा कारभार डोळ्यांसमोर असतो.

कारभार तरी केवढा! भोकाभोकांचं एक भांडं, त्याच्या खाली थेट दांड्याला जोडलेली मोटर. पट्टा नाही, गिअर नाही. आपल्या घरातली वीज पन्नास सायकलची, त्यामुळे चार पोलची मोटर मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या थोडी खाली, म्हणजे १३००-१४०० फेऱ्यांनी फिरते. एवढ्या वेगात भांड्याच्या कडेला चिकटलेल्या कपड्यांवर त्यांच्या वजनाच्या दोनशे पटींहून जास्त जोर पडतो आणि पाणी भोकांतून बाहेर फेकलं जातं. उष्णतेचा संबंधच नाही. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे दोन-तृतीयांश युनिट वीज लागते. आपला ड्रायर पाच मिनिटं फिरला तर युनिटाच्या शंभराव्या भागाच्या आसपासच वीज खातो. उरलेला ओलावा पंखा नाहीतर ऊन घेऊन जातं.

अमेरिकेत गेलेल्या आपल्या मुलाबाळांकडे असतो तो ड्रायर गरम हवेचा. त्याची दुखणीही निराळी. थर्मल फ्यूज उडतो, ड्रमचा पट्टा तुटतो, कपड्यांचे तंतू साचून हवेची नळी तुंबते. त्या तंतूंनी पेट घेतला तर घराला आग लागते, म्हणून तिथे जाळी दर खेपेला साफ करावी लागते. आपल्या ड्रायरला ही भीती नाही. त्याचे आजार मोजके आहेत आणि बहुतेक आवाजावरून ओळखता येतात.

मला वाटतं, दुरुस्तीचा खरा मुद्दा इथेच आहे. मशीनजवळ रोज उभं राहणाऱ्या बाईला तिचा आवाज पाठ असतो. मिस्त्री आला की "काय झालं वहिनी?" म्हणून मला विचारतो आणि उपाय मात्र आमच्या ह्यांच्याकडे बघून सांगतो. ह्यांनी ते झाकण कधी उघडलेलंसुद्धा नसतं. अर्धं निदान माझ्याकडे असेल तर उरलेलं अर्धं शिकायला काय हरकत आहे, म्हणून मीच पेचकस हातात घेतला.

आवाजांचा अर्थ असा लावायचा. बटण फिरवलं आणि काहीच आवाज नाही, तर मोटरपर्यंत वीज पोचत नाही. मग संशय झाकणाखालच्या स्विचवर, टायमरवर, नाहीतर उंदराने कुरतडलेल्या वायरवर. नुसतं 'हूं' करतो आणि फिरत नाही, तर वीज पोचते आहे, पण मोटरला कोणीतरी धरून ठेवलं आहे किंवा सुरुवातीचा धक्काच मिळत नाही. दणदण हलतो, तर आधी कपडे सारखे पसरलेत का ते बघा. तरीही हलत असेल, तर मोटरखालच्या स्प्रिंगा तपासा. गुरगुर आणि खाली पाणी, तर दांड्याभोवतीचं रबरी सील गेलं.

यात 'हूं' करणं सगळ्यात जास्त वेळा घडतं आणि मिस्त्रीच्या तोंडी "मोटर गेली" हे वाक्य त्याच वेळी येतं. ते ऐकून लगेच हो म्हणू नका. प्लग काढा, झाकण बंद ठेवा आणि मागून मोटरवरची चकती हाताने फिरवून बघा. सहज फिरली तर बहुधा सुरुवातीचा धक्का देणारा कंडेन्सर थकला आहे. जड फिरली तर ब्रेक चिकटला आहे, किंवा भांड्याच्या आणि बाहेरच्या टाकीच्या फटीत एखादा मोजा, रुमाल जाऊन बसला आहे. भांड्यावर प्लास्टिकची जाळीदार चकती दाबायचा कंटाळा केला की रुमाल तिथेच जातो.

ब्रेकची गंमत सायकलच्या उलट आहे. सायकलची तार ओढली की ब्रेक लागतो. इथे झाकण बंद केल्यावर तार ओढली जाते आणि ब्रेक सुटतो. झाकण उघडलं की तार सैल पडते, स्प्रिंग ब्रेकचा पट्टा चकतीवर दाबते आणि भांडं काही सेकंदांत थांबतं. वर्षानुवर्षं ताणून तार लांबते. मग झाकण बंद असूनही ब्रेक पुरता सुटत नाही, मोटर कण्हते, जळका वास येतो. आमच्या मशीनचं दुखणं हेच निघालं. तार एका खाचेने आखूड अडकवली आणि भांडं पूर्वीसारखं फिरू लागलं. नवीन पार्टसुद्धा लागला नाही.

याच्या उलट झालं, म्हणजे झाकण उघडूनही भांडं फिरतच राहिलं, तर ती हयगय करण्याची गोष्ट नाही. ब्रेकचा पट्टा झिजला आहे असं समजा आणि तो बदलेपर्यंत ड्रायर वापरू नका. फिरत्या भांड्यातल्या ओढणीत बोटं अडकली तर ती वाचत नाहीत. झाकणाचा स्विच बिघडला म्हणून वायर थेट जोडून देणारे कारागीरही असतात. ते काम करू देऊ नका. तो स्विच आपल्या हातासाठी बसवलेला आहे.

सीलचं दुखणं ज्यांच्याकडे बोअरचं पाणी आहे त्यांना लवकर गाठतं. क्षार रबराच्या कडेला धरतात, दांडा फिरताना रबर खरवडलं जातं आणि पाणी थेंबाथेंबाने मोटरवर पडतं. सील स्वस्त, मोटर महाग. म्हणून मशीनखाली ओल दिसली की सील बदलायला उशीर करायचा नाही.

घरी काय करायचं नाही, तेही सांगते. प्लग काढल्याशिवाय मागचा पत्रा उघडायचा नाही. बटण बंद असणं पुरेसं नाही. प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये वीज साठून राहू शकते, त्याच्या टोकांना बोट लावायचं नाही. तो बदलायचा तर वर छापलेला मायक्रोफॅरडचा आकडा तोच हवा आणि व्होल्टेज कमी चालणार नाही. हे काम येत नसेल तर माहीतगाराकडूनच करून घ्यावं. मोटरचं वाइंडिंग कारागिराचंच. वॉरंटी चालू असेल तर स्क्रूला हात लावू नये. आणि ओल्या फरशीवरच्या मशीनला अर्थिंग नसेल, तर ड्रायरच्या आधी ते दुरुस्त करावं.

अडचण येते ती पार्टची. जुना पार्ट पिशवीत घालून दुकानात गेलं की ऐकायला मिळतं, "हे मॉडेल बंद झालं, आता नवीन घ्या ताई." तारेचा एक तुकडा मिळत नाही म्हणून अख्खी मशीन भंगारात जाते. युरोपीय संघाने मार्च २०२१पासून वॉशिंग मशीनचे ठरावीक सुटे भाग, ते मॉडेल बाजारात येणं थांबल्यानंतरही दहा वर्षं मिळाले पाहिजेत, असा नियम केला. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठी पोर्टल सुरू केलं. त्यात मोबाइल, मोटारी आणि शेतीची अवजारं यांच्यासोबत घरगुती उपकरणंही आहेत. माहिती मिळते, हे चांगलंच आहे. पण माहितीने भांडं फिरत नाही, त्याला तार लागते.

तेव्हा दिवाळीला नवीन मशीन घ्यायला जाल, तर रंग आणि सवलत बघून झाल्यावर दुकानदाराला दोन गोष्टी विचारा. ब्रेकची तार आणि सील गावात मिळतं का? पार्ट किती वर्षं मिळतील? उत्तर बिलावर लिहून मागा. आणि जो लिहून देईल, त्याच्याकडूनच घ्या.